संयमाची सोळा पानं

१

पाकिटावर नाव नव्हतं, पत्ता नव्हता, तिकीटही नव्हतं. आत अकरा कागद होते आणि त्या अकरा कागदांवर ती होती.

गुरुवारची सकाळ. सात महिन्यांची टिल्ली उंच खुर्चीत बसून उकडलेलं गाजर कपाळाला फासत होती. सासूबाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"दाराच्या फटीतून सरकवलेलं होतं. मी फोडलं, मला काय माहीत आत काय आहे ते."

नवरा वाचायला लागला. तो विम्याच्या कार्यालयात दाव्यांची छाननी करायचा. कागद वाचताना चेहरा हलू द्यायचा नाही ही त्याची सवय. आज हलला. त्यानं कपाळाला हात लावला.

"हे तू लिहिलंयस?"

तिनं पहिल्या चार ओळी वाचल्या. 'आज टिल्लीला पाळण्यात ठेवलं, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले. ती रडत होती. मला उठावंसं वाटेना. कधीकधी वाटतं, येईल त्या बसमध्ये चढावं आणि शेवटच्या थांब्यालाच उतरावं.'

शब्द तिचेच होते. पण ते फक्त तिघांना माहीत होते.

'दुमडलेला कोपरा' नावाचा वाचणाऱ्यांचा एक गट होता, सगळा कारभार फोनवर. दर महिन्याला एक पुस्तक वाचायचं आणि त्यावर यथेच्छ भांडायचं. खरी नावं कोणी सांगत नसे. ती तिथं 'अर्धपान', कारण टिल्ली जागी होईपर्यंत तिचं अर्धंच पान वाचून व्हायचं. त्या गर्दीतून चौघांचा एक वेगळा कोपरा झाला होता, 'चौकोन'. ती, गट चालवणारा ग्रंथपाल, जिभेला हाड नसलेली वाळवी आणि मोरपीस. मोरपीस म्हणजे मायेची साय. गुडघेदुखी, पिंजऱ्यातला पोपट, दूरदेशी गेलेला मुलगा. तिचं सगळं ठाऊक होतं. दुपारी टिल्लीला पाजताना एका हातानं ती मोरपिसाला लिहायची. टाके, दुखणारी छाती, रडू, सगळं. उत्तर ठरलेलं: "राजा, मन मोकळं कर."

"पुढे मी लिहिलं होतं की—" तिनं कागद उलटला. पुढचं नव्हतं. तिघांची उत्तरंही नव्हती.

"पुढचं सोड," नवरा म्हणाला. "कोण कुठली माणसं, त्यांना घरातलं सांगतेस. त्यातल्याच कुणाला तरी राहवलं नाही. परक्या माणसाला तुझी भीती वाटली, कळतंय का?"

सासूबाई चौतीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. त्यांचं बोलणं म्हणजे फळ्यावरचं लिहिणं. "मी रविवारी टिल्लीला घेऊन जाते. सहा महिने. तू बरी हो."

"आई, मी बरी आहे."

"अगं, बरी माणसं जिन्यात बसत नाहीत."

"रविवारची दोन तिकिटं आहेत," नवरा हळू आवाजात म्हणाला. "मी सोडून येईन दोघींना."

टिल्लीनं गाजराचा हात आईकडे केला. तिनं तो पुसला. मग स्वतःचे हात धुतले. मग पुन्हा धुतले. हे कृत्य ज्यानं केलं तो तिघांपैकी एक होता आणि तिच्याकडे तीन दिवस होते. परक्यानं घाबरून इशारा दिला, एवढ्याच खुंटीला सगळं टांगलेलं होतं. ती खुंटी उपटली तरच टिल्ली घरी राहणार होती.

२

ग्रंथपालाला तिनं आजवर पाहिलं नव्हतं, पण त्याचं वाचनालय दोन बस बदलून गाठण्याएवढं जवळ होतं. शुक्रवारी टिल्लीला छातीशी बांधून ती गेली. काउंटरमागे बारीक मिशीचा माणूस पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवत होता.

"मी अर्धपान."

तो उठून उभाच राहिला. "अरे वा! आणि ही तळटीप!" टिल्लीकडे बघून तो हसला.

तिनं कागद समोर टाकले. वाचता वाचता त्याचं हसू मिशीत विरलं. खालच्या ओठाला डिंक लागला होता, त्याचंही त्याला भान राहिलं नाही.

"हे आपल्या चौकोनातलं आहे."

"म्हणून तर आले. माझा पत्ता तुमच्याकडे आहे."

"आहे. गटात येताना तुम्हीच दिला होतात." त्यानं आवाज खाली आणला. "ताई, मी कुणाला दिला असेन तर एकीलाच. वाळवीनं मागितला होता. पंधरा दिवस झाले. 'तिच्या पोरीला काहीतरी पाठवायचंय' म्हणाली. मोरपिसाचाही मागितला. तिचा माझ्याकडे नव्हताच. मोरपिसानं कधी दिला नाही."

"पोरीला काही आलेलं नाही."

"हं." तो कानकोंडा झाला. "आता बोलू नये, पण वाळवीची जीभ तुम्ही जाणताच. मागच्या महिन्यात मला म्हणाली, तुमच्या वाचनालयात वाळवी लागली तर ती उपाशी मरेल. मोरपिसाचं तसं नाही. मोरपीस म्हणजे देवमाणूस."

"कधी भेटलाय?"

"छे! गुडघे दुखतात ना त्यांचे. फोनवर बोलायलाही संकोच वाटतो म्हणतात. आवाज बसलाय."

टिल्ली शिंकली. ग्रंथपालानं तिच्यासाठी रुमाल पुढे केला. त्यालाही डिंक होता. तिला मळमळलं. डिंकानं नाही, त्या माणसानं सगळ्या बायकांचे पत्ते एका वहीत ठेवले होते आणि ती वही काउंटरवर उघडी पडली होती, त्यानं.

"वाळवी कुठे भेटेल?"

३

वाळवी म्हणजे साठीची, दंडाला ताकद असलेली बाई निघाली आणि तिचा पुस्तक-बांधणीचा कारखाना होता. लांबट खोली, खळीचा आंबूस वास, कागदांचे गठ्ठे आणि मधोमध कापायचं यंत्र.

"लहान मूल घेऊन त्या पात्यापाशी उभी राहू नकोस," हे तिचं पहिलं वाक्य. दुसरं, "अर्धपान ना तू? फोटोतल्यापेक्षा वाळलीस. चांगलं आहे, वाळवीच्या पोटात मावशील."

"माझा पत्ता कशाला हवा होता?"

बाईनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थट्टा गिळली. कागद घेतले, उभ्या उभ्या वाचले.

"आणि तुला वाटलं हे मी केलं."

"पत्ता तुम्हीच घेतलात."

"घेतला की." बाईनं खणातून एक जाडसर कापडी पुस्तक काढून टिल्लीच्या हातात कोंबलं. प्रत्येक पान शिवलेलं, कडा दुमडून टाचलेल्या. "हे करायला घेतलं होतं. शेवटचं पान राहिलंय म्हणून पाठवलं नाही. चावू दे, रंग पोटात जाणार नाही." मग कागद नाकापाशी नेत ती म्हणाली, "पाकिटावर पत्ता होता का गं?"

"नव्हता."

"मग पत्ता कुणाला माहीत होता हे शोधत का फिरतेस? पत्ता टपालाला लागतो. हाताने टाकणाऱ्याला दार ठाऊक असलं की झालं."

तिला खाली बसावंसं वाटलं. गठ्ठ्यावर बसली.

"आणखी एक. जिन्यात बसलीस, त्यापुढे तू लिहिलं होतंस. 'पाच मिनिटांनी उठले. तिला घेतलं. दोघी एकमेकींकडे बघून उगीचच हसलो.' मी वाचून रडले होते, सांगू नकोस कुणाला. ते कुठाय?"

"गाळलंय."

"तुझाही फर्मा गाळलाय म्हणजे कुणीतरी."

"फर्मा?"

"सोळा पानांचा एक फर्मा. मोठा कागद छापायचा, घड्या घालायच्या, सोळा पानं होतात. असे पंधरा फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक." बाईनं फळीवरून एक सुटी घडी काढली. "या महिन्याची आपली कादंबरी इथंच बांधली. पानं मोजून फर्मे येतात. बांधून झालं तेव्हा टेबलावर हा एक उरला. एकशे तेरा ते एकशे अठ्ठावीस. उरला याचा अर्थ काय?"

"एका प्रतीत तो नाही."

"एकाच. वीस वर्षांत पहिल्यांदा चुकले. बाईल-बुद्धी म्हणून कारागीर हसले, त्यांना मी तिथल्या तिथं झापलं. तर मी वाट बघत बसले, कुणीतरी बोंब मारेल. वडील मरतात ना, ते अख्खं प्रकरण त्यातच. आणि मग आपल्या मोरपिसानं चौकोनात लिहिलं. थांब." बाईनं फोन तोंडासमोर धरला. "मी लगेच फोटो काढून ठेवला. ऐक. 'राजांनो, वडील कधी गेले ते लेखिकेनं दाखवलंच नाही! एका पानावर ते चहा मागतात आणि दुसऱ्या पानावर मुलगी त्यांचे बूट दाराबाहेर ठेवते. काय हा संयम! अंगावर काटा आला.'"

बाई हसायला लागली, पण पोटातून नाही. "माझ्या चुकीला संयम म्हणते! म्हटलं, बिचारीची प्रत सापडली, गुपचूप पानं पाठवू, चारचौघांत कशाला लाजवायचं. म्हणून तिचा पत्ता मागितला. तेवढ्यात दोन दिवसांनी तो संदेशच तिनं काढून टाकला. मी कुणाला काही बोलले नव्हते. तिला कुणी सांगितलं?"

"काढला कधी?"

"मागच्या मंगळवारी नाही, त्याच्या आदल्या. संध्याकाळी. तुझं पान कितवं चालू आहे?"

"चौऱ्याहत्तर."

"पुढचं बघितलंस कधी?"

तिची प्रत नवऱ्यानं आणून दिली होती. 'तुमच्या गटात हेच चाललंय ना?' म्हणाला होता. आपण त्याला कधी सांगितलं, हे तिला तेव्हाही आठवलं नव्हतं.

४

घरी पोचली तेव्हा टिल्ली कापडी पुस्तकावर लाळेचा पूर सोडून झोपली होती. तिला पाळण्यात ठेवून, दोनदा कडी तपासून, तिनं उशीजवळची कादंबरी उचलली. पान एकशे बारा. वडील चहा मागत होते. पान उलटलं.

एकशे एकोणतीस. बूट दाराबाहेर होते.

किळस कुठून सुरू होते ते तिला त्या क्षणी कळलं. तळहातांतून. अंगावरून गोगलगाय गेल्यासारखं ओलं काहीतरी वर चढलं. मोरपीस या घरात होतं. या पलंगावर बसून त्यानं हेच पान उलटलं होतं, याच कागदाला बोट लावलं होतं. पाच महिने ज्या बाईला तिनं आपल्या टाक्यांचं, दुधाचं, रडण्याचं सांगितलं, ती बाई तिच्याच न्हाणीघरात दात घासत होती.

कोण? सासूबाई महिन्याभरापासून इथं होत्या. दुपारी चष्मा लावून काही ना काही वाचत बसायच्या. नातीला न्यायचं त्यांच्याच मनात. 'राजा, मन मोकळं कर.' त्यांच्या आवाजात हे वाक्य तिनं म्हणून पाहिलं आणि उमासा दाबायला तोंडावर हात धरला.

पण मोरपिसाशी ओळख पाच महिन्यांची होती. सासूबाईंना तर संदेश पाठवायचा म्हटलं की मुलाला हाक मारावी लागे.

तरीही विचारायचं ठरवलं. संशय पोटात ठेवून पुन्हा त्यांच्या हातचा चहा तिला गेला नसता.

सासूबाई बॅगेत टिल्लीचे कपडे घडी करून ठेवत होत्या, प्रत्येक झबल्याची घडी इस्त्री केल्यासारखी.

"आई, ही कादंबरी तुम्ही वाचलीत?"

"वाचली. बरी आहे. पण अगं, फाटकी प्रत आहे ती. एकशे बाराच्या पुढे एकदम एकशे एकोणतीस. सोळा पानं गायब! माणूस मेला कसा तेच नाही. मुख्याध्यापिकेला फसवतात होय?"

ज्या बाईला पानांचे नंबर दिसतात ती संयमाचं कौतुक करत नाही.

"तुम्ही हे मला सांगितलं नाहीत."

"तुला कशाला त्रास? तू आधीच अर्धी झालीस. त्याला सांगितलं, त्यानंच आणली ना. म्हटलं, पावती असेल तर बदलून आण. 'कुठली पानं?' म्हणून कसा दचकला! पुस्तक हातात घेऊन पुढेमागे करत बसला. जन्मात पुस्तक न उघडणारा माझा मुलगा, मला वाटलं आता तरी गोडी लागली."

"कधी सांगितलंत, आई?"

सासूबाई थांबल्या. चौतीस वर्षांत त्यांनी पुष्कळ मुलांना खोटं बोलताना पाहिलं होतं. खरं विचारणाऱ्याचा आवाजही त्यांना कळत असावा. "मंगळवारी. मागच्या नाही, आदल्या. दुपारी. का गं?"

पाळण्यात टिल्ली कुरकुरली. आणि बाहेर कुलपात किल्ली फिरली.

५

"आज काय केलंस दिवसभर?" नवऱ्यानं नेहमीसारखं विचारलं. रोज विचारायचा. रोज दुपारपासूनच त्याला ते ठाऊक असायचं. तिला आठवलं, मोरपिसानं एकदा लिहिलं होतं, 'तुझा नवरा किती गुणी गं! बिचाऱ्याला समजून घे, दमून येतो.' त्या संध्याकाळी तिनं त्याचे पाय चेपून दिले होते.

तिनं टेबलाशी खुर्ची ओढली.

"बस," ती म्हणाली. "एका दाव्याची छाननी करायची आहे."

सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात झबलं. तिनं टेबलावर अकरा कागद ठेवले, शेजारी कादंबरी, शेजारी वाळवीनं दिलेला सुटा फर्मा.

"या पुस्तकाची एकच प्रत चुकली. ती ही. हिच्यात सोळा पानं नाहीत. मोरपिसानं लिहिलं, वडील मेलेले दाखवलेच नाहीत, काय हा संयम. म्हणजे मोरपिसानं हीच प्रत वाचली."

"असं कितीतरी—"

"मध्ये बोलू नकोस. ही प्रत घराबाहेर गेलेली नाही. घरात वाचणारे तिघं. मी चौऱ्याहत्तराव्या पानावर आहे. आईंनी पूर्ण वाचली, पण त्यांना गळालेली पानं दिसली. आणि त्यांनी ती तुला सांगितली, मंगळवारी दुपारी. मंगळवारी संध्याकाळी मोरपिसानं तो संदेश काढून टाकला. गटात कुणाला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. फक्त तुला."

"हा काय पुरावा झाला?" तो हसला, त्याच्या कार्यालयातलं हसू.

"आणि पाकीट गुरुवारी सापडलं. त्या सकाळी तू म्हणालास, दोन तिकिटं आहेत. काढतो नाही म्हणालास, आहेत म्हणालास. दाखव ना आईंना, कधी काढली आहेत ती."

हसू गेलं. सासूबाईंनी हात पुढे केला. वर्गात वही मागतात तसा, न बोलता. त्यानं फोन दिला. त्यांनी चष्मा खाली ओढून वाचलं.

"सोमवारी. पाकिटाच्या आधी," त्या म्हणाल्या.

पाळण्यात टिल्ली कापडी पुस्तक चावत होती.

"मी काळजीपोटी केलं," तो शेवटी म्हणाला. "तू मला काही सांगायचीसच नाहीस. बाईचं नाव घेतलं की बोलायला लागलीस. घडाघडा. मला भीती वाटली. मला टिल्लीची—"

"मग उरलेलं का कापलंस?"

तिनं फोनवरचा मूळ संदेश सासूबाईंपुढे धरला. त्यांनी मोठ्यानं वाचला, एकेक शब्द, जसा प्रगतिपुस्तकातला शेरा वाचतात. "'पाच मिनिटांनी उठले. तिला घेतलं. दोघी एकमेकींकडे बघून उगीचच हसलो.'"

मग कागदांच्या गठ्ठ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "तू चार महिन्यांचा होतास तेव्हा मी तुला पाळण्यात ठेवून गच्चीवर जाऊन उभी राहायची. जिन्यात तरी काय, दोन पावलांवर होती ती. मला सांगायला कुणी मोरपीसही नव्हतं." त्यांनी टिल्लीचं झबलं बॅगेतून काढलं. एक, दोन, सगळी. "माझ्या हातून नातीला पळवायला निघाला होतास. मला वापरलंस. मला, मुख्याध्यापिकेला! शी."

ते 'शी' असं होतं की तो खरंच मागे सरकला.

"आई, रविवारी—"

"रविवारी जायचंच आहे. तिकिटं दोनच आहेत ना? तेवढीच लागतात. एक माझं, एक तुझं."

६

रविवारी सकाळी दोघं गेले. जाताना सासूबाईंनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ती सोळा पानं वाचून झाली की मला पाठव. मेला कसा ते कळू दे."

तिनं चादरी धुवायला टाकल्या. उशांचे अभ्रे टाकले. फोनही ओल्या फडक्यानं पुसला, दोनदा. किळस जात नव्हती. आपलेच शब्द कुणीतरी चघळून परत ताटात टाकल्यासारखे वाटत होते. टाकताही येत नव्हते, गिळताही येत नव्हते.

दुपारी टिल्लीला मांडीवर घेऊन ती बसली, तेवढ्यात फोन थरथरला. चौकोन. मोरपीस.

'राजा, कशी आहेस गं? फार एकटं वाटत असेल. मन मोकळं कर.'

तिच्या मानेवर काटा उभा राहिला. बसमध्ये आईच्या शेजारी बसून, फोन मांडीत लपवून, तो अजून बाई झाला होता. त्याला राहवलंच नव्हतं.

वाळवी आणि ग्रंथपालाला तिनं आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. वाळवीचं उत्तर लगेच आलं: 'बया, हे अजून जिवंत आहे?' ग्रंथपालानं लिहिलं: 'काढून टाकू का, ताई?'

'थांबा,' तिनं लिहिलं. टिल्लीनं तेवढ्यात फोनला लाळेचा हात लावला. तिनं तो पुसला नाही. एका अंगठ्यानं, नेहमीसारखं, मोरपिसाला शेवटचं लिहिलं:

'बाई, पानांचे नंबर बघत जा.'

मग ग्रंथपालाला म्हणाली, 'काढा आता.'

चौकोनाचे तीन कोपरे उरले. सुटा फर्मा तिनं कादंबरीत जागच्या जागी सरकवला, एकशे बारा आणि एकशे एकोणतीस यांच्या मध्ये. पण तो उघडला नाही. पंचाहत्तरावं पान काढलं. टिल्लीला झोप लागेपर्यंत अर्धं वाचून झालं.